अंतर्गत ऊर्जेचे अमूर्त शिल्प: अनुभव निवडण्यापासून प्लास्टरच्या ओतकामापर्यंत

प्राण, चक्रे, कुंडलिनी किंवा नुसता श्वास या विषयावर अमूर्त शिल्प करायला घेतलेल्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते, ती म्हणजे प्रतीकापासून केलेली सुरुवात. आधी कमळ ठरते, मग वेटोळे घातलेला सर्प येतो, या दोघांना बसवण्यासाठी एक ध्यानस्थ धड शोधले जाते आणि शेवटी हाती येते ते चिन्हे चिकटवलेले धड. त्याला अमूर्तही म्हणता येत नाही आणि त्यात ऊर्जाही जाणवत नाही. शिल्पातली ऊर्जा तीन गोष्टींतून दिसते: आकाराचा अक्ष कोणत्या दिशेने ताणला आहे, पृष्ठभागाला आतून किती दाब आहे आणि पोकळी कुठे सोडली आहे. या तिघांपैकी एकाच्या तरी कामाला जुंपता येत असेल तरच प्रतीक घ्यावे.

पुढचा क्रम सुमारे ६० सेंटिमीटर उंचीच्या, मातीत घडवून प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ओतायच्या शिल्पासाठी आहे. दगड किंवा लाकूड वापरायचे असेल तरी पहिले तीन टप्पे जसेच्या तसे लागू पडतात.

## टप्पा १: एकच अनुभव, एकच क्रियापद

‘अंतर्गत ऊर्जा’ हा शिल्पाचा विषय होऊ शकत नाही, कारण तो फार मोठा आणि फार धूसर आहे. ‘श्वास घेताना बरगड्या बाजूंना पसरतात’ हा विषय होऊ शकतो. म्हणून मातीला हात लावण्याआधी स्वतःच्या शरीराकडे नीट पाहावे. पाठीवर निजून एक हात पोटावर आणि एक छातीवर ठेवावा, सावकाश श्वास घ्यावा आणि काय कुठे सरकते ते लिहून काढावे. येथे एक गोष्ट हमखास चुकते. श्वास आत घेणे म्हणजे वर चढणे असे गृहीत धरून सगळा आकार वर खेचला जातो. प्रत्यक्षात श्वास घेताना छाती व पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली जाते, पोट पुढे येते आणि त्याच वेळी बरगड्या वर व बाहेर सरकतात. एकाच क्षणी खाली आणि बाहेर अशा दोन दिशांना होणारी ही हालचाल शिल्पकाराला नुसत्या उभ्या उसळीपेक्षा कितीतरी जास्त सामग्री देते.

लिहिलेल्या निरीक्षणांतून एक क्रियापद निवडावे: साठणे, पसरणे, चढणे, पाझरणे, उलटणे, सुटणे, आवळणे. दोन क्रियापदे निवडू नयेत. साठणे आणि सुटणे एकाच शिल्पात आणण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण ती दोन स्वतंत्र शिल्पे आहेत.

तपासणी: निवडलेले क्रियापद दोन हातांनी हवेत करून दाखवता येते का? येत नसेल, तर ती कल्पना झाली. शरीराचा अनुभव अजून सापडलेला नाही.

## टप्पा २: प्रतीकाची परीक्षा

प्रतीक घ्यायचेच असेल तर ते मुळापासून माहीत असावे. सोळाव्या शतकातील ‘षट्चक्रनिरूपण’ या संस्कृत ग्रंथात मूलाधार ते आज्ञा या सहा चक्रांच्या पाकळ्या अनुक्रमे ४, ६, १०, १२, १६ आणि २ अशा सांगितल्या आहेत. त्यांची बेरीज ५० होते आणि प्रत्येक पाकळीवर एक अक्षर असते. त्यांच्या वर, माथ्याशी, सहस्रार. शिल्पकाराच्या दृष्टीने मात्र पाकळ्यांहून महत्त्वाचे आहेत ते पाच चक्रांशी जोडलेल्या महाभूतांचे आकार: मूलाधाराला पृथ्वीचा चौकोन, स्वाधिष्ठानाला जलाची चंद्रकोर, मणिपूराला अग्नीचा त्रिकोण, अनाहताला वायूचा षट्कोण आणि विशुद्धाला आकाशाचे वर्तुळ. हे आकार म्हणजे रचनेसाठी तयार मिळालेली भाषा आहे. चौकोन टेकतो, चंद्रकोर झुलते, खाली टोक असलेला त्रिकोण तोल ढळवतो, वर्तुळ कोणत्याच दिशेला झुकत नाही.

सावधान: तळापासून माथ्यापर्यंत इंद्रधनुष्याच्या क्रमाने तांबडा, नारिंगी, पिवळा असे रंग देण्याची पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली. जुन्या वर्णनात मूलाधाराचा चौकोन पिवळा, मणिपूराचा त्रिकोण तांबडा आणि अनाहताचा षट्कोण धुरकट आहे. इंद्रधनुष्य वापरायला कोणाची हरकत नाही, पण ते परंपरेच्या नावावर खपवू नये.

कुंडलिनीची वेटोळी साडेतीन सांगितली आहेत. शिल्पात खरे काम करते ते शेवटचे अर्धे वेटोळे. पूर्ण वेटोळी बंद होतात आणि नजर त्यांत फिरत राहते. अर्धे वेटोळे उघडे राहते आणि नजरेला पुढच्या दिशेने सोडून देते. सर्पाचे डोके, फणा, खवले यांतले काहीही न घडवता, केवळ शेवटी न मिटणारा एक वळसा ठेवला तरी अर्थ पोहोचतो. इडा व पिंगला या मधल्या अक्षाच्या दोन बाजूंच्या नाड्यांनाही नागमोडी दोऱ्यांसारखे चिकटवू नये. मधल्या अक्षावर दोन बाजूंनी रेलणारी, वजनाने किंचित असमान अशी दोन वस्तुमाने, म्हणजे भरीव आकार, ठेवली की त्यांच्यातला ताण आपोआप तयार होतो.

तपासणी: कागदावरच्या रचनेतून प्रतीक खोडून पाहावे. खोडल्यावर शिल्पाचा तोल किंवा दिशा बिघडली, तर ते प्रतीक रचनेचा भाग आहे. केवळ ‘अर्थ’ कमी झाला आणि आकार जसाच्या तसा उभा राहिला, तर ते खोडलेलेच राहू द्यावे.

## टप्पा ३: हातात मावणारी प्रतिरूपे

एकाच क्रियापदाची किमान पाच-सहा लहान प्रतिरूपे करावीत, प्रत्येकी १० ते १५ सेंटिमीटर. पहिले दोन प्रयत्न बहुधा पूर्वी पाहिलेल्या शिल्पांच्या आठवणींतून येतात, त्यामुळे तिथे थांबू नये. लहान आकारात ऊर्जा मावत नाही ही तक्रार खरी नाही. हडप्पा येथे सापडलेले तांबड्या दगडातील पुरुषाचे धड दहा सेंटिमीटरांहूनही लहान आहे. त्याला डोके नाही, हात नाहीत, तरी किंचित पुढे आलेल्या पोटामुळे आत श्वास कोंडला आहे असे वाटते. स्नायूंचे तपशील त्यात जवळजवळ नाहीत. सगळे काम एका फुगीर पृष्ठभागाने केले आहे.

प्रतिरूप फिरत्या पाटावर ठेवावे, मागे एक दिवा लावावा आणि आठ बाजूंनी केवळ काळी बाह्याकृती पाहावी. समोरून देखणे आणि बाजूने सपाट दिसणारे प्रतिरूप म्हणजे जाड झालेले चित्र असते. असे प्रतिरूप दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवे करणे सोपे जाते.

निवड झाल्यावर मोठे करण्याचा हिशेब आधी करावा. १२ सेंटिमीटरचे प्रतिरूप ६० सेंटिमीटर केले तर उंची पाचपट होते, पृष्ठभाग पंचवीसपट आणि वजन एकशेपंचवीसपट. ३०० ग्रॅमचा गोळा भरीव राहिला तर साडेसदतीस किलोंचा होईल. आधार देणाऱ्या मानेच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र पंचवीसपटच वाढलेले असते, म्हणूनच प्रतिरूपात सहज उभा राहणारा बारीक देठ मोठ्या शिल्पात लवतो. असे देठ मूळ रचनेतच थोडे जाड करावेत किंवा त्यांच्या पोटातून सळई नेण्याची सोय ठेवावी.

## टप्पा ४: सांगाडा

या टप्प्यात घाई केली की पुढचे आठवडे वाया जातात, आणि दुर्दैवाने चूक लक्षात येते तेव्हा माती चढलेली असते.

1. साधारण ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा, १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा पाट घ्यावा. खालून दोन पट्ट्या ठोकाव्यात आणि दोन्ही बाजूंना वार्निशचे दोन हात द्यावेत, नाहीतर ओल्या मातीने तो वाकतो.
2. अर्धा इंची लोखंडी नळी फ्लँजने, म्हणजे स्क्रूची भोके असलेल्या चकतीने, पाटाला घट्ट बसवावी. नळी पाटाच्या मध्यावर आली पाहिजे असे नाही; ती शिल्पाच्या गुरुत्वमध्याखाली यायला हवी. एका बाजूला झुकणाऱ्या आकारात या दोन जागांत बरेच अंतर असते. नळीला गंज येऊ नये म्हणून रंग द्यावा.
3. फांद्यांसाठी जाड ॲल्युमिनियमची तार वापरावी, कारण ती हाताने वाकते आणि गंजत नाही. गुळगुळीत तारेवरून माती घसरते, म्हणून तिच्यावर बारीक तार किंवा सुतळी गुंडाळावी.
4. जिथे मातीचा मोठा गठ्ठा लोंबणार आहे तिथे लाकडाचे दोन लहान तुकडे फुलीच्या आकारात बांधून तारेने टांगावेत. त्यांना स्टुडिओत फुलपाखरे म्हणतात. माती त्यांच्यावर अडकून राहते.
5. सांगाडा अंतिम पृष्ठभागापासून सगळीकडे किमान तीन-चार सेंटिमीटर आत असावा.

सावधान: पोकळी जिथे सोडायची आहे तिथून एकही तार जाता कामा नये. ‘भोक नंतर पाडू’ म्हणणाऱ्याला ते भोक नळीवर आपटल्यावरच आठवते. पोकळीची जागा सांगाडा करतानाच जाड सुतळीचे कडे टांगून दाखवावी.

तपासणी: सांगाड्याच्या वरच्या टोकाला धरून जोरात हलवावे. तो किंचितही डुलत असेल तर माती लावू नये.

## टप्पा ५: माती चढवणे

माती आधी भरपूर मळावी. बोटाला चिकटणार नाही आणि वाकवल्यावर चिरणार नाही इतपत ओली असावी. लहान गोळे सांगाड्यावर अंगठ्याने दाबत आतून बाहेर यावे. मातीच्या पोळ्या थापून सांगाडा गुंडाळला तर मध्ये हवा राहते आणि काही दिवसांनी तो भाग सालीसारखा सुटतो. आधी सर्वांत मोठे वस्तुमान, मग दुसरे, मग त्यांचा सांधा. अर्ध्या टप्प्यापर्यंत कोणतेही धारदार हत्यार घेऊ नये. लाकडाची एक फळी, ठोकण्यासाठी आणि समतल पाहण्यासाठी, पुरेशी आहे.

आता विषयाचा गाभा येतो. आतून दाब आहे हे पाहणाऱ्याला पटते ते बहिर्वक्र पृष्ठभागामुळे, पण कोणताही फुगवटा चालत नाही. सगळीकडे सारखा गोल असलेला आकार निर्जीव दिसतो. वारा भरलेल्या शिडाकडे पाहावे: एका ठिकाणी सर्वाधिक फुगवटा असतो आणि तिथून कडांकडे जाताना कापड ताणत, सपाट होत जाते. शिल्पातही प्रत्येक मोठ्या पृष्ठभागावर दाबाचा एकच सर्वोच्च बिंदू ठरवावा आणि तो भूमितीच्या मध्यावर ठेवू नये. श्वासाच्या शिल्पात तो थोडा खाली ठेवला तर पोटात साठलेपण येते. वर सरकवला तर तोच आकार छाती काढून उभा असल्यासारखा, किंचित ताठर वाटू लागतो. हा फरक दोन-तीन सेंटिमीटरांचा असतो. खात्री करण्यासाठी खोली अंधारी करून विजेरी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, तिरकी धरावी आणि सावकाश फिरवावी. उजेडाची कड एकसंध सरकली तर पृष्ठभाग ताणलेला आहे. ती मध्येच थरथरली, तुटली किंवा तिथे बोटाएवढी सावली साचली, तर त्या जागी खळगा आहे, आणि तो खळगा घासून काढायचा नसतो. त्यात माती भरून पृष्ठभाग पुन्हा वर आणायचा असतो. घासून गुळगुळीत करण्याची सवय हीच या कामातली सर्वांत महागडी सवय आहे, कारण घासताना दाबाचा बिंदू आधी जातो.

दोन फुगवटे भेटतात तिथे घळ तयार होते. ती बोटाने गोलवली की आकार मऊ आणि दमलेला दिसतो. घळ घट्ट, जवळजवळ रेषेइतकी ठेवली की दोन्ही बाजूंचे वस्तुमान एकमेकांवर रेटत आहे असे वाटते.

पोकळी ही कोरून काढलेली जागा आहे असे न मानता तिला स्वतःचा आकार आहे असे मानावे. ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभीच शिल्पाचे वस्तुमान आरपार छेदले, आणि तेव्हापासून भोक हे अमूर्त शिल्पाचे नेहमीचे साधन बनले आहे. त्यामुळेच ते सर्वाधिक निष्काळजीपणे वापरले जाते. समोरून मागे सरळ जाणारे भोक खिडकीसारखे दिसते. ते तिरके असावे, एका तोंडाशी रुंद आणि दुसऱ्या तोंडाशी अरुंद असावे. ते पोटाच्या पातळीवर आहे की हृदयाच्या, यावरून अर्थ बदलतो, म्हणून त्याची जागा क्रियापदाशी ताडून घ्यावी.

अक्षाच्या वरच्या टोकाचाही विचार येथेच करावा. चढत्या ऊर्जेच्या शिल्पावर सहस्रार म्हणून गोळा किंवा कमळ ठेवले की चढ तिथेच संपतो. शिल्पकार कॉन्स्टन्टिन ब्रान्कुशी यांचा रुमानियातील तिर्गु झिऊ येथील १९३८ सालचा अनंत स्तंभ सुमारे २९ मीटर उंच आहे आणि तो एकाच आकाराच्या पुनरावृत्तीतून वर जातो. पण सर्वांत वरचा आकार अर्ध्यावर कापलेला आहे. पूर्ण आकाराने स्तंभाला टोक आले असते. साडेतीन वेटोळ्यांमागचा हिशेबही हाच आहे.

सावधान: काम थांबवताना पाण्याचा फवारा मारून ओले सुती कापड आणि त्यावर प्लास्टिक गुंडाळावे. पोकळीच्या कडा सर्वांत आधी वाळतात, त्यांना ओल्या कापडाची वेगळी पट्टी द्यावी.

## टप्पा ६: पृष्ठभाग

येथे थोडेच करावे. दाबाच्या बिंदूभोवती पृष्ठभाग शांत आणि घळींच्या जवळ हत्यारांच्या खुणा राहू द्याव्यात, किंवा सगळीकडे एकच पोत ठेवावा. मंत्राक्षरे, पाकळ्या, रेघोट्या आता सुचू लागतात. टप्पा २ मधली परीक्षा त्यांना पुन्हा लावावी.

## टप्पा ७: साचा

एकाच प्रतीसाठी फोडून काढायचा प्लास्टरचा साचा पुरतो.

1. पातळ पत्र्याचे तुकडे मातीत रोवून शिल्पाचे दोन भाग करावेत. मागचा भाग मोठा आणि उघडण्याजोगा असावा, म्हणजे माती व सांगाडा तिथून काढता येतात. आरपार पोकळीत विभाजनाची रेषा तिच्या सर्वांत अरुंद जागी आणावी, नाहीतर दोन भाग एकमेकांत अडकतात.
2. बादलीत आधी पाणी घ्यावे आणि त्यात प्लास्टर मुठीने भुरभुरावे. प्लास्टरवर पाणी ओतू नये, गुठळ्या होतात. एक लिटर पाण्याला साधारण सव्वा ते दीड किलो प्लास्टर लागते. दीड-दोन मिनिटे भिजू द्यावे आणि मगच, फेस न येईल असे, ढवळावे.
3. पहिल्या थरात थोडी नीळ किंवा गेरू मिसळावा. हा थर ब्रशने फुंकर मारत, चार-पाच मिलिमीटर जाडीचा द्यावा. त्यावर पांढऱ्या प्लास्टरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर चढवावा आणि त्यात काथ्या किंवा गोणपाट बसवावे.
4. प्लास्टर तापून पुन्हा थंड झाल्यावरच विभाजनाच्या रेषेत पाचरी मारून, वरून पाणी सोडत साचा उघडावा.

सावधान: विषय शरीराचा असल्यामुळे स्वतःचा हात किंवा चेहरा थेट प्लास्टरमध्ये बुडवण्याची कल्पना सुचतेच. घट्ट होताना जाड प्लास्टर सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते आणि तोवर ते कडकही झालेले असते, त्यामुळे हात निघत नाही आणि खोल भाजते. हे कधीही करू नये. कोरडे प्लास्टर हाताळताना मास्क लावावा आणि उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये. नळ कायमचा तुंबतो.

## टप्पा ८: ओतकाम

साचा आतून मऊ ब्रशने स्वच्छ धुवावा. घट्ट साबणाच्या पाण्याचे तीन-चार हात द्यावेत, प्रत्येक हातानंतर फेस पुसून घ्यावा आणि शेवटी तेलाचा अगदी पुसट हात द्यावा. तेल साचले तर प्रतीच्या पृष्ठभागावर खड्डे येतात. साचा पाण्यात भिजवून घ्यावा. कोरडा साचा नव्या प्लास्टरमधले पाणी ओढून घेतो आणि प्रत भुसभुशीत होते.

दोन्ही भाग जोडून तारेने आवळावेत, सांधे बाहेरून प्लास्टरने बुजवावेत. आत प्लास्टर ओतून साचा सगळ्या दिशांना फिरवावा आणि जादा ओतून काढावे. असे दोन-तीन वेळा करून भिंत दीड-दोन सेंटिमीटर जाड करावी. पोकळीभोवतीची अरुंद जागा आणि देठ यांत सळई आधीच, साचा मिटण्यापूर्वी बसवावी. सळई लोखंडी असेल तर तिला रंग किंवा लाख लावावी, अन्यथा गंजाचे डाग महिन्याभरात वर येतात.

तपासणी: साच्यावर बाहेरून टिचकी मारावी. एखाद्या जागी आवाज वेगळा, पातळ आला तर तिथे भिंत कमी आहे.

## टप्पा ९: साचा फोडणे, वाळवणे, रंग

बोथट छिन्नी आणि हलका हातोडा घ्यावा. छिन्नी पृष्ठभागाला काटकोनात धरावी. तिरकी धरली तर ती प्रतीत घुसते. वरून सुरुवात करून खाली यावे आणि बाहेर आलेले नाजूक भाग शेवटी मोकळे करावेत. रंगीत थर दिसला की हात आवरावा, कारण त्याच्याखाली लगेच शिल्प आहे. टवके उडाले तर ते फेकू नयेत, बहुतेक परत बसवता येतात.

प्रत सावलीत, हवेशीर जागी वाळवावी. जाडीप्रमाणे दोन ते चार आठवडे लागतात. उन्हात किंवा हीटरजवळ घाई केली तर पृष्ठभाग पावडरीसारखा सुटू लागतो. पूर्ण वाळल्याशिवाय रंग देऊ नये. रंग एकच आणि मंद ठेवावा, कारण चमकदार लेपामुळे प्रतिबिंबे उमटतात आणि इतक्या कष्टाने आणलेल्या उजेडाच्या कडा हरवतात.

## टप्पा १०: बैठक आणि प्रकाश

बैठकीची उंची अशी ठेवावी की दाबाचा मुख्य बिंदू उभ्या माणसाच्या छातीच्या पातळीवर येईल. डोळ्यांच्या पातळीवर आणला तर पाहणारा शिल्पात चेहरा शोधू लागतो. मुख्य दिवा एका बाजूने, सुमारे ४५ अंशांतून वरून यावा आणि दुसऱ्या बाजूला फक्त भिंतीवरून परतणारा उजेड असावा. समोरून दिवा सोडला की फुगवटे सपाट होतात. पोकळीत मागून दिवा लावू नये, तिची खोली नाहीशी होते आणि शिल्प दिव्याच्या शेडसारखे दिसते. चारही बाजूंनी माणूस फिरू शकेल एवढी, किमान एक मीटर, जागा मोकळी सोडावी; ती मिळत नसेल तर भिंतीकडे कोणती बाजू द्यायची हे आठ बाह्याकृतींच्या नोंदी समोर ठेवून ठरवावे.